लिनक्स सर्व्हरचा फसवा लोड आणि चुकलेलं घड्याळ: तपासणी कोणत्या क्रमानं करायची

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, होटगी रोडवरचं हॉस्पिटल असो, नाहीतर कॉलेजची लॅब असो, तक्रारी साधारण सारख्याच असतात. "सर, लोड (मशीनवर किती कामं चालू किंवा अडकलेली आहेत त्याचा आकडा) अठरा दाखवतोय. रॅम वाढवायची का?" किंवा "रात्री लाइट गेली होती, आता बिलांवर भलतीच तारीख पडतेय." मग कुणीतरी मशीन रिस्टार्ट करतं आणि आकडे सरळ होतात. चार दिवसांनी तीच तक्रार परत येते, कारण खरं कारण सांगणारा पुरावा रिस्टार्टमध्ये पुसला गेलेला असतो.

बहुतेकांचा क्रमच चुकतो. आधी घड्याळ तपासायचं, मग लोड, आणि रिस्टार्ट सगळ्यात शेवटी. याला दोन कारणं आहेत. लॉगमधल्या वेळाच चुकीच्या असतील, तर लोड कधी वाढला आणि त्या वेळी काय चाललं होतं, याचा मेळ बसत नाही. शिवाय घड्याळाचा एक बिघाड असा आहे की तो स्वतःच सीपीयूवरचं काम वाढवतो. तो पाचव्या टप्प्यात येईल.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करा.

## तयारी: काहीही बदलण्याआधी

रूटचा अ‍ॅक्सेस, नेटवर्कवरून वेळ घेणारा मोबाइल आणि वही एवढं जवळ ठेवा. मशीन अडचणीत असतानाच पुढच्या कमांडचं आउटपुट एका फाइलमध्ये साठवा: ‘अपटाइम’, ‘डेट’, ‘टाइमडेटसीटीएल’, ‘एचडब्ल्यूक्लॉक --शो’, ‘डीमेसेज’, ‘व्हीएमस्टॅट १ १०’ आणि ‘पीएस -ईएलओ स्टेट,पीआयडी,डब्ल्यूचॅन:३२,सीएमडी’.

शेवटच्या कमांडमधला मोठा ‘एल’ विसरू नका. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लोड मोजतो तो थ्रेडप्रमाणे (प्रोसेसमधल्या कामाच्या एकेका धाग्याप्रमाणे), प्रोसेसप्रमाणे नाही. ‘एल’ न दिल्यास चाळीस थ्रेड अडकलेला डेटाबेस यादीत एकच ओळ दाखवतो आणि हिशेब कधीच जुळत नाही.

इशारा: या पायरीला ‘डीएफ’ चालवू नका. नेटवर्कवरचा एखादा स्टोरेज बंद पडला असेल तर ‘डीएफ’ तिथेच अडकतो आणि लोडमध्ये आणखी एकाची भर पडते.

## टप्पा १: हे मशीन नक्की आहे काय?

‘सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ चालवा. उत्तर ‘नन’ आलं तर ते प्रत्यक्ष मशीन. ‘केव्हीएम’, ‘व्हीएमवेअर’ असं काही आलं तर व्हर्च्युअल मशीन. ‘डॉकर’ किंवा ‘एलएक्ससी’ आलं तर तुम्ही कंटेनरमध्ये आहात.

कंटेनरमध्ये असाल तर इथेच थांबा. कंटेनरच्या आत दिसणारा लोड अ‍ॅव्हरेज सहसा पूर्ण होस्टचा, म्हणजे कंटेनर ज्या मशीनवर चालतात त्याचा असतो. शेजारच्या कंटेनरचं बॅकअप चालू असलं तरी आकडा तुमच्याकडे वाढतो. कंटेनरचं घड्याळही होस्टचंच. दोन्ही तपासण्या होस्टवर जाऊन करा.

‘एनप्रॉक’नं कोअर मोजून वहीत लिहा. चार कोअरच्या मशीनवर ४ आणि सोळा कोअरच्या मशीनवर ४ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

## टप्पा २: घड्याळ दुरुस्त करू नका, आधी चूक मोजा

वेळ चुकलेली दिसली की हात लगेच ‘डेट -एस’कडे जातो. तो आवरा. चूक किती आहे हाच सगळ्यात मोठा सुगावा आहे, आणि वेळ हातानं बसवली की तो जातो. मोबाइलची वेळ, ‘डेट’ची वेळ आणि ‘एचडब्ल्यूक्लॉक --शो’ची वेळ, तिन्ही एकाखाली एक लिहा.

फरक बरोबर ५ तास ३० मिनिटं असेल तर घड्याळ बिघडलेलं नाही, करार बिघडलाय. मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवायचा की भारतीय वेळ, यावर दोन सिस्टिमचं एकमत नाही. विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असलेल्या लॅबमध्ये हे हमखास सापडतं. यावर टाइमझोन बदलून ‘इलाज’ करणारे पुष्कळ आहेत. तसं केलं की पडद्यावरची वेळ बरोबर दिसते, पण आतला यूटीसी चुकीचाच राहतो आणि सर्टिफिकेट, ओटीपी अ‍ॅप, बँकेचं कनेक्शन एकेक करून अडायला लागतं.

फरक महिन्यांचा किंवा वर्षांचा असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय.

फरक बरोबर तेवढाच असेल जेवढा वेळ मशीन बंद होतं, तर जरा विचार करा. रात्री आठला लाइट गेली, सकाळी दहाला आली आणि मशीन आठ वाजून काही मिनिटं दाखवतंय. सेल इथेही संपलेलाच असतो, पण सिस्टिमडी-टाइमसिंकडी ही वेळ जुळवणारी सेवा शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर जपून ठेवतं आणि घड्याळ त्याच्या मागे जाऊ देत नाही. तारीख ‘जवळपास बरोबर’ दिसते, म्हणून सेलवर कुणाचा संशयच जात नाही. नुकसान मात्र यातच जास्त होतं. १९७० सालचं बिल लगेच नजरेत भरतं, कालच्या तारखेचं भरत नाही.

फरक दिवसाला एक-दोन सेकंदांनी वाढत असेल तर तो क्रिस्टलचा स्वभाव आहे. मदरबोर्डवरचं घड्याळ ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतं आणि ते २५ अंशांच्या आसपास सर्वांत बिनचूक असतं. तापमान तिथून वर जावो की खाली, ते मागेच पडतं, आणि चूक तापमानातल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पंखा नसलेल्या लोखंडी कपाटात ५५ अंश झाले, तर नुसत्या उष्णतेनं दिवसाला सुमारे अडीच सेकंद जातात. मे महिन्यात मागे पडणारं आणि डिसेंबरात सुधारणारं घड्याळ पाहून मदरबोर्ड बदलू नका. कपाटाला हवा द्या आणि पुढचा टप्पा नीट करा.

तपासणी: ‘अपटाइम’मधला ‘किती वेळ चालू आहे’ हा आकडा तारीख बदलल्यानं बदलत नाही. तारीख चुकीची असली तरी त्यावर विश्वास ठेवता येतो. ‘पीएस’मध्ये दिसणारी प्रोसेस सुरू झाल्याची वेळ मात्र तारखेबरोबर सरकते.

## टप्पा ३: वेळ मिळवणारी सेवा एकच ठेवा

क्रोनी, एनटीपीडी आणि सिस्टिमडी-टाइमसिंकडी यांपैकी एकच चालू हवी. दोघी एकाच वेळी चालल्या तर एक घड्याळ पुढे ओढते, दुसरी मागे. जोडीला कुणीतरी क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) दर तासाला ‘एनटीपीडेट’ लावून ठेवलेलं असतं. ते शोधून काढून टाका.

मी सर्व्हरवर क्रोनीच सुचवतो. लाइट आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा नसलेल्या ठिकाणी ते लवकर सावरतं. स्रोत म्हणून एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या एनपीएलचे (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे) सर्व्हर द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही कंपन्यांनी याच दोघांशी, किंवा यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, घड्याळं जुळवावीत असं म्हटलं आहे.

मग ‘क्रोनीसी सोर्सेस’ पाहा. एका ओळीच्या सुरुवातीला तारा हवा आणि ‘रीच’ रकान्यात ३७७. तो आकडा अष्टमान पद्धतीतला आहे. त्याचा अर्थ मागचे आठही प्रयत्न यशस्वी झाले. तिथे शून्य असेल तर फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट १२३ अडलंय का ते बघा.

बहुतेक इन्स्टॉलेशनमध्ये क्रोनीच्या सेटिंगमध्ये ‘मेकस्टेप १.० ३’ अशी ओळ असते. चूक एका सेकंदाहून मोठी असेल तर घड्याळ एका झटक्यात बरोबर कर, पण सेवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांतच, असा तिचा अर्थ. नंतर मोठी चूक उद्भवली तर क्रोनी वेळ झटक्यात न बदलता घड्याळाचा वेग बदलतो, आणि तोही जास्तीत जास्त बाराव्या हिश्शानं. म्हणजे साडेपाच तासांची चूक भरून निघायला पावणेतीन दिवस लागतात, आणि तोवर मशीनचं घड्याळ खऱ्या मिनिटाला ५५ किंवा ६५ सेकंद चालतं. अशा मशीनवर काढलेलं कुठलंही माप खरं नसतं. थांबवलेलं व्हर्च्युअल मशीन पुन्हा चालू केल्यावर हे नेहमी घडतं, म्हणून तिथे ‘मेकस्टेप १ -१’ ठेवा.

मोठी चूक सुधारायचा क्रम असा: आधी बिलिंगचं सॉफ्टवेअर बंद, मग डेटाबेस बंद, मग ‘क्रोनीसी मेकस्टेप’, मग ‘डेट’ मोबाइलशी पडताळा, मग ‘एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी’, शेवटी डेटाबेस आणि सॉफ्टवेअर चालू.

इशारा: डेटाबेस चालू असताना घड्याळ मागे नेऊ नका. एकाच वेळेच्या दोन नोंदी, नंतरची नोंद आधी दिसणं, हे नंतर निस्तरताना नाकी नऊ येतात. चुकीच्या तारखेच्या नोंदी कोणत्या बिल नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत आहेत, ते त्याच दिवशी अकाउंटच्या माणसांना लेखी द्या.

## टप्पा ४: लाइट आल्यानंतरची पाच मिनिटं

इथलं नेहमीचं चित्र असं की लाइट येते, सर्व्हर दोन मिनिटांत उठतो आणि राउटरला नेट मिळायला त्याहून जास्त वेळ लागतो. मधल्या काळात डेटाबेस चुकीच्या वेळेवर सुरू झालेला असतो. मग क्रोनी जागं होतं, घड्याळ झटक्यात बदलतं आणि आत्ता सांगितलेला घोळ आपोआप होतो.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली म्हणजे सेल बदलणं. जुना सेल काढण्याआधी बायोसमधली सेटिंग मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल बदलल्यावर वेळ बसवा, मशीनची पिन काढून अर्धा तास ठेवा आणि मग बायोसमध्येच वेळ तपासा. लिनक्समध्ये जाऊन तपासलीत तर क्रोनीनं दुरुस्त केलेली वेळ दिसेल आणि सेलची परीक्षा होणारच नाही.

दुसरी पायरी म्हणजे डेटाबेसच्या सेवेला वेळ जुळेपर्यंत थांबायला लावणं. ‘क्रोनीसी वेटसिंक ६’ दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं सहा वेळा पाहतं. हे डेटाबेसच्या आधी चालेल असं लावा. सहाऐवजी तीस लिहायचा मोह होतो, पण सिस्टिमडी सेवा सुरू व्हायला एरवी ९० सेकंदच देतं, त्यामुळे सेवाच पाडली जाते. नेट आलंच नाही तर काय, हे मालकांना विचारून ठरवा. सेल चांगला असेल तर डेटाबेस सुरू करायला हरकत नाही. सेलची खात्री नसेल तर बिलिंग काही काळ बंद राहिलेलं परवडतं.

## टप्पा ५: कर्नल वेळ कुठून घेतोय?

आता ‘/सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स’ ही फाइल ‘कॅट’ करा. प्रत्यक्ष मशीनवर ‘टीएससी’ दिसायला हवं, केव्हीएमच्या व्हर्च्युअल मशीनवर बहुधा ‘केव्हीएम-क्लॉक’. प्रत्यक्ष मशीनवर ‘एचपीईटी’ किंवा ‘एसीपीआय_पीएम’ दिसलं तर ‘डीमेसेज’मध्ये ‘अनस्टेबल’ हा शब्द शोधा.

टीएससी हा सीपीयूच्या आतला मोजक आहे. कर्नल त्याच्यावर पहारा ठेवतो, दर अर्ध्या सेकंदाला त्याची दुसऱ्या घड्याळाशी तुलना करतो आणि फरक जास्त आढळला तर त्याला अविश्वासू ठरवून दुसरा स्रोत घेतो. वेळ बरोबरच राहते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण टीएससी असताना प्रोग्रामला वेळ कर्नलमध्ये न शिरता मिळते. एचपीईटीवर गेल्यावर प्रत्येक वेळेला कर्नलचं दार ठोठवावं लागतं आणि तो मोजक वाचायलाही हळू असतो. डेटाबेस क्षणाक्षणाला वेळ विचारत असतात. परिणामी ‘टॉप’मधला ‘एसवाय’ (कर्नलमध्ये गेलेला सीपीयूचा वेळ) आकडा चढतो, लोड वाढतो, आणि लोक डेटाबेसच्या क्वेरी तपासत बसतात.

तपासणी: गर्दी नसताना काही सेकंद ‘एसट्रेस -एफ -सी -पी’ डेटाबेसच्या पीआयडीवर (प्रोसेसच्या नंबरावर) लावा. यादीत ‘क्लॉक_गेटटाइम’चा ढीग दिसला तर शंका खरी ठरली. टीएससीवर ही कॉल तिथे जवळपास दिसतच नाही. एसट्रेसनं प्रोसेस मंदावते, म्हणून गर्दीच्या वेळी लावू नका.

दुरुस्ती म्हणून कर्नलला ‘टीएससी=रिलायेबल’ द्यायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. त्यानं पहारा बंद होतो, मूळ दोष नाही. आधी बायोस अपडेट करा. ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’मध्ये ‘कॉन्स्टंट_टीएससी’ आणि ‘नॉनस्टॉप_टीएससी’ हे दोन्ही शब्द आहेत का ते पाहा. नसतील तर त्या प्रोसेसरवर टीएससीचा आग्रह धरू नका.

## टप्पा ६: लोडचे दोन भाग करा

घड्याळ ताळ्यावर आलं, आता लोड.

लिनक्सचा लोड अ‍ॅव्हरेज म्हणजे सीपीयूचा वापर नाही. दर पाच सेकंदांनी कर्नल दोन प्रकारचे थ्रेड मोजतो: सीपीयूवर चालू असलेले किंवा त्याच्या रांगेतले, म्हणजे ‘आर’, आणि डिस्क, नेटवर्क स्टोरेज अशा कशासाठी तरी न उठवता येणाऱ्या झोपेत गेलेले, म्हणजे ‘डी’. त्या मोजणीची १, ५ आणि १५ मिनिटांची घसरती सरासरी म्हणजे ते तीन आकडे. म्हणून सीपीयू ९८ टक्के रिकामा आणि लोड १८ हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

‘व्हीएमस्टॅट १ १०’चं आउटपुट पाहा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत ‘आर’ रकाना मोठा असेल तर सीपीयू कमी पडतोय, आठव्या टप्प्यावर जा. ‘बी’ मोठा असेल तर सातव्यावर. रॅम वाढवायचा निर्णय या दोन रकान्यांच्या आधी घेऊ नका.

दोन्ही रकाने शून्याजवळ आणि लोड मात्र मोठा, असंही होतं. काम संपल्यावर पहिला आकडा एका मिनिटात शून्य होत नाही. मिनिटानंतरही तो मूळच्या ३७ टक्के उरतो. १५ मिनिटांचा आकडा तर तास-दीड तास जुनी आठवण काढत राहतो. पहिला आकडा लहान आणि तिसरा मोठा असेल तर गर्दी होऊन गेली आहे.

## टप्पा ७: ‘डी’मध्ये अडकलेले कोण?

तयारीत साठवलेल्या ‘पीएस’च्या यादीतल्या ‘डी’नं सुरू होणाऱ्या ओळी वेगळ्या काढा. दहा-दहा सेकंदांनी तीन वेळा पुन्हा यादी घ्या. दर वेळी वेगळे पीआयडी दिसले तर डिस्कवर नेहमीचं काम चाललंय. तेच ते पीआयडी दिसले तर ते अडकलेत.

मग ‘डब्ल्यूचॅन’ रकाना वाचा. हा रकाना थ्रेड कर्नलमध्ये कुठे थांबलाय ते सांगतो. तिथे ‘आरपीसी’नं सुरू होणारं नाव असेल तर बोट एनएफएसकडे, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या स्टोरेजकडे आहे. चादरीच्या जॅकार्ड डिझाइनच्या फाइल ठेवलेला एनएएस (नेटवर्कवरचा स्टोरेजचा डबा) कुणीतरी बंद केला, सर्व्हरवर तो ‘हार्ड’ माउंट आहे, म्हणजे उत्तर येईपर्यंत वाट पाहत राहतो, आणि दर पाच मिनिटांनी ‘डीएफ’ चालवणारी क्रॉनची स्क्रिप्ट प्रत्येक वेळी एक नवा अडकलेला ‘डीएफ’ मागे सोडते. लोड पायरीपायरीनं, एकेकानं चढत जातो. असा जिना दिसला की दुसरं काही शोधू नका. एनएएस चालू करा, अडकलेले सगळे आपोआप सुटतात. नावात ‘किलेबल’ असेल तर ‘किल -९’ही लागू पडतं. ‘यूमाउंट -एल’नं माउंट नजरेआड होतो, अडकलेले थ्रेड तिथेच राहतात.

‘आयओ_शेड्यूल’ किंवा ‘जेबीडी२’ असं काही दिसलं तर डिस्क तपासा. ‘डीमेसेज’मध्ये ‘आय/ओ एरर’ शोधा, ‘स्मार्टसीटीएल -ए’मध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ बघा. तो शून्याहून मोठा असेल तर पुढची तपासणी बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्या.

काहीच कळत नसेल तर ‘/प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर’मध्ये ‘डब्ल्यू’ हे एक अक्षर ‘एको’ करा. अडकलेल्या प्रत्येक थ्रेडचा माग ‘डीमेसेज’मध्ये येतो. अक्षर टाकताना दोनदा बघा. ‘बी’ टाकलंत तर मशीन त्याच क्षणी रिबूट होतं, डिस्कवर काहीही न लिहिता.

## टप्पा ८: ‘टॉप’चे टक्के आणि त्यांची मर्यादा

व्हर्च्युअल मशीनवर आधी ‘एसटी’ पाहा. तो सतत मोठा असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू होस्ट दुसऱ्याला देतोय, आणि आत कितीही ट्युनिंग केलं तरी फरक पडणार नाही.

‘डब्ल्यूए’ म्हणजे आयओवेट (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ), आणि एकट्या त्याच्यावरून कधीही निष्कर्ष काढू नका. तो एक प्रकारचा रिकामा वेळच आहे. अडकलेल्या डिस्कच्या जोडीला दुसरं एखादं सीपीयूचं काम लावलं की आयओवेट घटतो, डिस्क तेवढीच अडकलेली असते.

टक्क्यांची मोजणीही अनेक कर्नलवर ठरावीक टिकच्या (कर्नलच्या नियमित ठोक्याच्या) वेळी डोकावून केलेली असते. दोन टिकच्या मध्ये उठून, काम करून झोपणारा प्रोग्राम त्यात शून्य टक्के दिसू शकतो.

म्हणून कर्नल ४.२० किंवा त्यापुढचा असेल तर ‘/प्रॉक/प्रेशर’मधल्या ‘सीपीयू’, ‘मेमरी’ आणि ‘आयओ’ या तीन फाइल वाचा. काम किती टक्के वेळ अडून राहिलं, ते तिथे १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीत थेट मिळतं. लोड १८ आणि तिन्ही फाइलींत ‘सम’ ओळीतले आकडे शून्याजवळ असतील, तर सीपीयू, रॅम किंवा डिस्क कमी पडत नाही हे मालकांना सांगा. रॅमचा प्रश्नही ‘मेमरी’ फाइलच सोडवते.

## टप्पा ९: दुरुस्तीची परीक्षा

मशीन शांत असताना ‘येस > /डेव्ह/नल’ हे एकच काम पार्श्वभूमीवर लावा. लोड शून्याजवळ असेल तर बरोबर एका मिनिटानं पहिला आकडा ०.६३ च्या आसपास हवा, पाच मिनिटांनी पहिला १ जवळ आणि दुसरा ०.६३ जवळ. आकडा यापेक्षा बराच वर गेला तर मोजणीत अजून कुणीतरी दडलंय, सातव्या टप्प्याकडे परत जा. काम झालं की ‘किलऑल येस’ करायला विसरू नका.

घड्याळासाठी ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ एक दिवसाच्या अंतरानं दोनदा घ्या. ‘फ्रिक्वेन्सी’ किती आहे यापेक्षा ती स्थिर आहे का ते पाहा. १ पीपीएम (दहा लाखांत एक) म्हणजे दिवसाला ८६ मिलिसेकंद, त्यामुळे २० पीपीएमचा कायम फरक क्रोनी सहज सांभाळतं. रोज वेगळाच मोठा आकडा येत असेल तर टप्पा ५ पुन्हा करा.

आता रिस्टार्ट करा, आणि एकदा मुद्दाम राउटर बंद ठेवून करा. मशीन उठल्यावर डेटाबेस सुरू होण्याची वेळ ‘जर्नलसीटीएल -बी -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक’मध्ये पाहा. त्या यादीत तारखा नसतात, मशीन सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात, म्हणून घड्याळ मध्येच बदललं तरी क्रम बिघडत नाही. वेटसिंकचा मिनिट आधी आणि डेटाबेस त्यानंतर दिसला, की कपाट बंद करायला हरकत नाही.